घट्ट म्हणजे किती

"ताई, जरा मागचं बकल लावाल का?" एवढं म्हणून तो माझ्याकडे पाठ करून उभासुद्धा राहिला. माझ्या उत्तरासाठी थांबला नाही, कारण त्या खोलीत नाही म्हणायची पद्धतच नसते. वेशभूषेच्या अशा कुठल्याही कार्यक्रमात कपडे बदलायच्या खोलीत डोकावलात तर निम्मी माणसं उरलेल्या निम्म्यांच्या पाठीमागे उभी दिसतात. मुलगा विशीतला असेल. अंगावर फोमचं चिलखत, गडद राखाडी, कडांवर चंदेरी रंग घासून झिजलेल्या लोखंडाचा आभास आणलेला. काम नीटस होतं. खांद्यांवरचे तुकडे एवढे मोठे की हात धड खाली येत नव्हते, म्हणून त्यानं ते दोन्ही बाजूंना अर्धवट उचलून धरले होते. मी बकलची दोन्ही टोकं जुळवली, खटका वाजला. "घट्ट करा," तो म्हणाला. मी पट्टी ओढली. "अजून." अजून ओढली. "अजून थोडं." तेव्हा मी पट्टीचं टोक धरून ओढल्यासारखा एक हिसका दिला आणि पट्टी होती तिथेच ठेवली. "हां, आता बरोबर," तो समाधानानं म्हणाला, "थँक्यू ताई" म्हणाला आणि गर्दीत मिसळून गेला.

हे नंतर बरेच दिवस मनात टोचत राहिलं. मी थांबले त्याला कारण होतं. ओढताना माझ्या डाव्या हाताची बोटं त्याच्या बरगडीला टेकलेली होती आणि त्यानं श्वास रोखून पोट आत घेतलंय हे त्या बोटांना कळत होतं. पट्टा आवळताना सगळेच असं करतात. कपड्याचं माप देतानाही करतात. पण आरशापुढे ताठ उभा असलेला माणूस आणि तासाभरानं जिना चढून धापा टाकणारा माणूस, दोघांच्या छातीचा घेर सारखा नसतो. पट्टी बसते ती आरशापुढच्या माणसाच्या मापानं, आणि सोसावी लागते दुसऱ्याला. हे त्याला ठाऊक नसेल. किंवा ठाऊक असूनही त्याला तसंच हवं असेल. फोटोत छाती ताठ दिसण्यासाठी दिवसभर धाप सोसायला तयार असलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांच्याबद्दल मला थोडा आदरही आहे. परक्या मुलाला "बाळा, आधी श्वास सोड" असं सांगणं माझ्या तोंडी आलं नसतं, म्हणून मी हातानं परस्पर ठरवून टाकलं. ती काळजी म्हणायची की आगाऊपणा, याचा निकाल अजून लागलेला नाही.

चिलखत त्याचं, छाती त्याची, माप मात्र मी ठरवलं.

फोमची चिलखतं करणाऱ्या माणसांशी बोललात तर ती आकाराबद्दल तासन्‌तास बोलतील. अंगाला प्लास्टिकची पातळ फिल्म गुंडाळून त्यावर चिकटपट्ट्या लावायच्या, त्यावर पेननं रेषा आखायच्या, मग मधोमध कापून ते कवच अंगावरून उतरवायचं आणि सपाट करून त्याचा नमुना काढायचा. जमिनीवर अंथरायच्या जाड मॅटचा दहा मिलिमीटरचा फोम छातीसाठी, पाच-सहाचा हातांसाठी, दोनचा कडांच्या नक्षीसाठी. गरम हवा फेकणाऱ्या हीट गननं तापवला की वरचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो, किंचित चमक येते, आणि गरम आहे तोवर गुडघ्यावर दाबून धरला की थंड झाल्यावर तोच बाक धरून राहतो. अॅडहेसिव्ह दोन्ही कडांना लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्यायचं आणि मग एकदाच जुळवायचं. वाकडं जुळलं तर वाकडंच राहतं. खिडक्या उघड्या, तोंडावर वाफा अडवणारा मास्क. हे सगळं करण्यात एक धुंदी असते. रंगाचा शेवटचा थर वाळतो तेव्हा जमिनीवर एक अख्खा योद्धा तुकड्यातुकड्यांनी पसरलेला असतो, बघणारे वाहवा करतात, आणि करणाऱ्याच्या तेव्हा लक्षात येतं की यातला एकही तुकडा अंगावर टिकणार नाहीये. पट्ट्यांचा विचार बहुतेकांना आदल्या रात्री सुचतो. खरं तर पट्टे आधी आणि आकार नंतर, असा क्रम असायला हवा. पण तसं वागलं तर चिलखत करायला कुणी बसणारच नाही.

फोम हलका असतो, हे त्याचं सुख आणि हीच त्याची खोड. युरोपात १५व्या शतकात रणांगणावर घालायचं अख्खं पोलादी चिलखत साधारण २० ते २५ किलो भरायचं. तो भार सगळ्या अंगावर वाटलेला असल्यामुळे घालणारा धावू शकायचा, पडला तर उठू शकायचा, स्वतः घोड्यावर चढू शकायचा. क्रेननं उचलून खोगिरावर ठेवलेल्या सरदाराचं चित्र नंतरच्या लोकांनी गमतीनं रचलेलं आहे. पोलाद एकदा अंगावर बसलं की आपल्या वजनानं तिथे बसून राहतं. फोमला वजनच नाही, मग तो भटकतो. नडगीवरचा तुकडा चालता चालता फिरून पोटरीकडे जातो. खांद्यावरचे तुकडे हात वर केला की कानाला लागतात आणि हात खाली आला तरी तिथेच रेंगाळतात. खाली बसलं की मांड्या छातीच्या तुकड्याला खालून ढकलतात आणि त्याची वरची कड हनुवटीला टेकते. जुन्या चिलखतांची छाती कमरेच्या सगळ्यात बारीक जागी, बेंबीच्या आसपास संपायची, कारण माणूस तिथे वाकतो. हौशी माणूस मात्र चित्रात बघून ती पार कुल्ल्यांपर्यंत लांबवतो आणि दिवसभर उभा राहतो. नव्या चिलखताला माझी पहिली परीक्षा बसून दाखवण्याची. आरशासमोर सगळेच योद्धे असतात. खुर्चीवर बसल्यावर कळतं.

म्हणजे फोमच्या बाबतीत पट्ट्याचं काम भार पेलायचं नाहीच. हलक्या वस्तूला जागेवर धरून ठेवायचं, एवढंच. आणि ते भार पेलण्यापेक्षा अवघड आहे, असं माझं मत आहे.

पट्ट्याची पहिली समज मला शाळेच्या नाटकात आली. मी शिपाई होते, एका वाक्याची. पुठ्ठ्याचं चिलखत, वर चांदीचा कागद, चार कोपऱ्यांना भोकं आणि त्यांतून ओवलेली पांढरी नाडी. पाठीवर गाठ मारून झाली आणि मी पहिला खोल श्वास घेतला तसा वरच्या भोकापासून कडेपर्यंत पुठ्ठा फाटत गेला. आवाज अजून आठवतो. बारीक, करकरीत, आणि मला तो सभागृहाच्या टोकापर्यंत गेल्यासारखा वाटला. आई पडद्यामागे होती. तिनं फाटलेल्या जागी आतून कापडाचा तळहाताएवढा तुकडा खळीनं चिकटवला, त्यातून नव्यानं भोक पाडलं आणि नाडी पुन्हा ओवली. तेव्हा ती काही बोलली नाही, माझंही लक्ष वाक्याकडे होतं. पण तिनं जे केलं तेच मी आजही फोममागे करते. नायलॉनच्या पट्टीचं टोक फोमला नुसतं चिकटवलं तर ताण सगळा त्या एका रेषेवर येतो आणि पट्टी सोलल्यासारखी निघून येते. तेच टोक फोमवर दोन-तीन इंच लांब टेकवून त्यावर तळहाताएवढा पातळ फोमचा चौकोन डकवला की ताण त्या सगळ्या चौकोनात वाटला जातो. स्क्रू लावायचा तर दोन्ही बाजूंनी रुंद वॉशर. हॉट ग्लूवर माझा भरवसा नाही. उन्हात उभ्या गाडीत चिलखत ठेवलं की तो मऊ पडतो आणि कार्यक्रमाच्या ठिकाणी पट्टे वेगळे, तुकडे वेगळे बाहेर निघतात.

हे दुखणं आजचं नाही. १९६४मध्ये उत्तर इंग्लंडमध्ये कॉर्ब्रिज इथे रोमन काळातली एक लाकडी पेटी जमिनीतून निघाली. तिच्यात इतर सामानाबरोबर पोलादी पट्ट्यांच्या रोमन चिलखताचे भाग होते, म्हणून त्या घडणीला आजही कॉर्ब्रिजचंच नाव आहे. त्या घडणीत पितळी बिजागऱ्या, छोटी बकलं, चामड्याचे पट्टे यांची रेलचेल. या नाजूक गोष्टी मोडायच्या, तुटायच्या, आणि ज्याच्या हाताशी जे असेल त्यानं त्या दुरुस्त केलेल्या दिसतात. पुढच्या काळातल्या घडणीत कारागिरांनी यातलं बरंच काढून टाकलं आणि बकलांच्या जागी साधे दणकट हूक आले. साम्राज्याच्या कारखान्यातलं चिलखतसुद्धा पत्र्यापेक्षा बकलापाशी आधी हरायचं, हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. त्या काळी कुणीतरी सैनिक मोडलेली बिजागरी हातात घेऊन वैतागला असेल. माझ्याकडे निदान सुटे भाग असतात.

पट्टा कशानं अडकवायचा यावर मात्र लोक हमरीतुमरीवर येतात. वेलक्रो सगळ्यांचा पहिला आधार. जॉर्ज द मेस्ट्रल या स्विस इंजिनिअरला १९४१ साली कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी फळं पाहून ती कल्पना सुचली आणि तिचा मूळ स्वभाव अजून तोच आहे: जे समोर येईल त्याला धरायचं. केस, लोकरीचे मोजे, शेजारच्याची झालर. आडव्या ताणाला वेलक्रो भलता चिवट, पण एका टोकाकडून सोलायला लागलं की गेलाच. पाठीला गोंद लावून मिळतो तो तर घाम लागला की मुळापासून सुटतो. पट्टीवर शिवून घेतला तरच त्याचा उपयोग. शिवाय त्याचा तो चर्रर्र आवाज. शांत क्षणी, कुणी समोर गुडघा टेकून अभिवादन करत असताना, मांडीपाशी चर्रर्र झालं की सगळा दरारा संपतो. चुंबकांची हल्ली फॅशन आहे. लावायला सोपी, बाहेरून काही दिसत नाही. ती सरळ ओढलेली सुटत नाहीत, पण बाजूला सहज घसरतात, म्हणून चालत्या अंगावर नेमकी दगा देतात. साधं निओडिमियमचं चुंबक ८० अंशांच्या पुढे तापलं की त्याची ओढ कायमची उतरते. तेव्हा चुंबक आधी बसवून मग हीट गन फिरवणाऱ्यांनी सांभाळून. आणि ज्याला पेसमेकर आहे त्याच्या छातीशी ती नकोतच. टिचबटणं मला आवडतात, प्रामाणिक असतात: लागलं की लागलं, सुटलं की आवाज देऊन सुटतं. पण ती एकाच मापाला लागतात, आणि सकाळ-संध्याकाळ एकाच मापाचं राहणारं अंग मी तरी पाहिलेलं नाही.

इलॅस्टिक हा माझा हळवा कोपरा आहे. नवशिके ते सगळीकडे लावतात आणि मुरलेले लोक त्याला नाकं मुरडतात. ते सैल पडतं, खरं आहे. खांद्याच्या जड तुकड्याला इलॅस्टिक लावलं तर पावलागणिक तो तुकडा उड्या मारतो. पण जिथे अंग स्वतः आकार बदलतं तिथे दुसरं काय लावणार? दंडाचा स्नायू हात वाकवला की फुगतो. पोटरी चवड्यावर उभं राहिलं की टणक होते. मनगटाचं तर त्रांगडंच आहे: जिथे तुकडा अंगासरसा बसायला हवा ती जागा बारीक, आणि तिथे पोचायला आधी रुंद पंजातून वाट काढायची. म्हणून तुकडा उभा चिरून त्या चिरेत आतून इलॅस्टिक. मांडी वरून रुंद, खाली निमुळती. तिच्याभोवती कितीही आवळा, तुकडा गुडघ्याकडेच यायचा. त्याला आवळायचं नाही, कमरेच्या पट्ट्याला टांगायचं. नडगीचा पट्टा गुडघ्याच्या खाली आणि पोटरीच्या फुगवट्याच्या वर, त्या चिंचोळ्या जागेत. अंगाचा हा सगळा भूगोल मला पट्ट्यांनी शिकवला. शाळेत मानवी शरीराचा धडा होता, पण आपल्याला कुठे टेकायला जागा आहे आणि कुठे घसरगुंडी, हे त्यात नव्हतं.

चढवण्याचा क्रम पायाकडून. बूट आधी, कारण छाती चढली की स्वतःच्या पायापर्यंत हात पोचत नाही. मग नडग्या, गुडघे, मांड्या, छाती-पाठ, हात, खांदे, आणि हातमोजे व शिरस्त्राण अगदी शेवटी. मोजे घातले की स्वतःचं एकही बकल लागत नाही. त्याआधी बाथरूमला जाऊन यायचं, हे प्रत्येक जण प्रत्येकाला सांगतो आणि कुणीतरी विसरतोच. १५व्या शतकात इंग्लंडमध्ये लिहिलेलं एक छोटं टिपण आहे, पायी द्वंद्व लढणाऱ्याला चिलखत कसं चढवायचं याचं. तेही पावलांपासूनच सुरू होतं. आत सदरा घालायचा नाही. जाड कापडाची बंडी, आतून सॅटिनचं अस्तर, आणि तिला भरपूर भोकं पाडलेली. चिलखत ज्या दोऱ्यांनी बांधायचं त्या आडव्या धनुष्याच्या प्रत्यंचेला लागते तसल्या चिवट सुतळीच्या, आणि चांभाराचं मेण चोळलेल्या, म्हणजे ताणणार नाहीत आणि तुटणार नाहीत. गुडघ्यांभोवती पातळ घोंगडीचा वेढा, पायातल्या लोखंडानं कातडी सोलू नये म्हणून. वाचताना गंमत वाटते ती ही की तलवारीच्या वाराचा तिथे फारसा घोर नाही. सगळी चिंता घामाची, घासण्याची आणि ताणणाऱ्या दोरीची. हा माणूस नक्की कुणाच्या तरी पाठीमागे उभा राहून पट्टे आवळणाऱ्यांपैकी होता. ज्याच्या अंगावर चढतं तो असं लिहीत नाही. तो लढाईबद्दल लिहितो.

पाठीमागे उभं राहणाऱ्यांची एक वेगळीच जमात असते. नवरा-बायको असतील तर हमखास भांडतात. "तिकडून नाही, इकडून", "मला दिसतंय का मागचं?" मित्र असतील तर बकल लावताना फटकन चिमटा बसतो आणि दोघं हसत सुटतात. आई असेल तर ती बकलाच्या आधी कॉलर सरळ करते. एकमेकांना नावानंही न ओळखणाऱ्या दोन माणसांत तर हे विलक्षण असतं: एक जण पाठ देतो, हात बाजूला करतो, आणि दुसऱ्याचे हात त्याच्या काखेखाली, बरगडीवर, कमरेशी फिरतात. एरवी एवढ्या जवळ परका माणूस आला तर आपण मागे सरकू. इथे कुणी सरकत नाही. बोलणंही कामापुरतं. "चावतंय?" "डावीकडे थोडं." "हात वर करून बघा." मला ती कामापुरती भाषा फार आवडते. माझ्यासारख्या घुम्या बाईला अनोळखी लोकांशी बोलायला एवढं निमित्त पुरतं.

म्हणूनच "स्वतःचं स्वतः घालता आलं पाहिजे" हा पंथ वाढतोय त्याकडे मी जरा दुखावल्यासारखी बघते. बकलं पाठीवरून काखेखाली, काखेखालून पुढे. पाठीचा आणि छातीचा भाग एका बाजूला कायमचा जोडलेला, दुसऱ्या बाजूनं आत शिरायचं आणि खटकन बंद करायचं. मी स्वतः हल्ली असंच करते, आणि करायला सांगतेही, कारण त्यामागचा विचार पक्का आहे. फोममधले बुडबुडे सगळे बंद असतात, त्यातून ना हवा जाते ना घामाची वाफ. आत आपण आणि आपली ऊब. अशात कुणाला घेरी आली तर पाठीवरच्या तीन गाठी सोडवत बसायला वेळ नसतो. एका हातानं, न बघता, पटकन सुटेल असं एक तरी बकल पुढे हवंच, आणि ते कुठे आहे हे बरोबरच्या माणसाला ठाऊक हवं. यात वाद नाही. फक्त ती जागा भरून निघत नाही. खोलीत आता जास्त माणसं भिंतीकडे तोंड करून आपापली बकलं लावताना दिसतात.

तर त्या मुलाकडे परत. नंतर एकदा जुन्या चिलखतांचे फोटो चाळताना मी 'चार आईना'पाशी अडकले. इराणात आणि आपल्याकडे वापरायचे ते: साखळ्यांच्या चिलखतावर चार सुटे पत्रे, एक छातीवर, एक पाठीवर, दोन बगलांखाली, बगलेच्या पत्र्यांना हात हलावा म्हणून वर खोलगट काप. चारही पत्रे चामड्याच्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेले. मी आधीही ते पाहिले होते, पण तेव्हा नजर नक्षीवर होती. या वेळी मधल्या फटींवर गेली. पत्रा फुगत नाही, छाती फुगते. मग त्या फुगण्याला जागा कुठे, तर पट्ट्यांत. चार पत्र्यांमध्ये चार फटी, आणि माणसाचा श्वास तिथे राहतो. त्या मुलाच्या चिलखतातही श्वासाला दुसरी जागा नव्हती, छाती आणि पाठ मिळून दोनच तुकडे आणि मध्ये ती पट्टी, जिचं टोक माझ्या हातात होतं. हे कळल्यानं मी बरोबर ठरते असं नाही. जपानी योद्धे कमरेला पट्टा करकचून बांधून चिलखताचा भार खांद्यांवरून कमरेवर घ्यायचे. तिथे घट्ट असण्यातच आराम होता. कुणाला आवळलेलं असण्यातच धीर येत असेल. मला ते विचारता आलं असतं, तेवढंच. दोन बोटं आत सरकली पाहिजेत हा नियम मी सगळ्यांना सांगते, पण बोटं माझी असतात.

उतरवताना कुणी मदत मागत नाही, हे मला नेहमी नवल वाटतं. चढवताना एवढा गाजावाजा, आणि उतरवताना माणूस कोपऱ्यात खुर्चीवर बसून एकेक बकल स्वतःच सोडतो. आतून फोम ओलाकिच्च, त्याला रबराचा आणि घामाचा मिसळलेला वास. कमरेवर पट्टीचा आडवा लाल वळ, खांद्यावर दोन. पट्टी अरुंद असेल तर वळ खोल. अंगठ्यानं तो वळ चोळत लोक मोबाईल बघत बसतात. कुणीतरी शिरस्त्राण काढून केस खाजवतो आणि त्या खाजवण्याचं सुख चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं. मी या वेळी मुद्दाम पट्ट्या बघत फिरते. कुठली सुटली, कुठली सरकली, कुणी सेफ्टी पिन मारली. सकाळच्या आरशापेक्षा इथे मला जास्त शिकायला मिळतं.

सध्या घरात भाचीचं चिलखत चालू आहे. तिच्या अटी कडक: राखाडी नको, खांद्यांवर काटे हवेत, आणि "मावशी, मला घालायला कुणी लागता कामा नये." तेरा वर्षांच्या मुलीला हे म्हणायचा हक्क आहेच. डावी बाजू इलॅस्टिकनं कायमची जोडली, उजवीकडे बकल, आणि पट्टीचं टोक पुढे तिच्या हाताशी येईल असं फिरवून घेतलं. पट्टी मुद्दाम लांब सोडून आत गुंडाळून ठेवली, कारण पुढच्या वर्षी ती या मापाची राहणार नाही. ती गुंडाळी बाहेरून फुगीर दिसते म्हणून तिची तक्रार आहे. पहिल्यांदा चढवून पाहिलं तेव्हा तिनं स्वतःच पट्टी ओढली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. चेहरा लाल. इथे मला बोलायची चोरी नव्हती.

"श्वास सोड आधी."

"सोडलाय."

"खोटं बोलू नकोस, पोट आत आहे तुझं."

"मग असंच घट्ट हवंय मला."

"जिना चढून ये."

ती धाडधाड वर गेली, खाली आली आणि माझ्याकडे न बघता पट्टी बोटभर सैल केली. बोटभरच. मी म्हटलं असतं दोन. पण मी गप्प बसले आणि नडग्यांच्या नमुन्याकडे वळले. त्यांचं अजून ठरलेलं नाही. तिला तिथे चुंबकं हवी आहेत, मी बकलावर अडून बसले आहे, आणि काल रात्री तिनं फोमच्या तुकड्याला दोन चुंबकं चिकटवून, ती नडगीला बांधून, मला दाखवायला घरभर उड्या मारल्या. पडलं नाही. आज पुन्हा मारायला लावणार आहे, पळत.